कोलकात्याची जुनी घरे आणि वायरिंगच्या दिवसांचा हिशेब

कोलकात्यात घरोघरी वीज पोचायला १८९९ मध्ये सुरुवात झाली. शहरात वायरिंगच्या धंद्याला त्यामुळे सव्वाशे वर्षे होऊन गेली. घरातल्या तारा साधारणपणे एका पिढीच्या वयाइतक्या टिकतात. उत्तर कोलकात्यातल्या एखाद्या तीनमजली घराचे वायरिंग आजवर तीन-चार वेळा तरी बदललेले असते आणि प्रत्येक वेळी मालकाने मिस्त्रीला एकच प्रश्न विचारलेला असतो: काम किती दिवसांत होईल? या प्रश्नाचे उत्तर काढण्याची रीत मात्र दर पिढीत बदलत गेली. तारेचा प्रकार, भिंतीचा चुना, वारसांच्या वाटण्या आणि वीज कंपनीचे नियम या सगळ्यांनी मिळून ती घडवली आहे.

विजेचा दिवा कोलकात्याने त्याआधीच पाहिला होता. पी. डब्ल्यू. फ्लूरी कंपनीने २४ जुलै १८७९ रोजी शहरात त्याचे प्रात्यक्षिक केले, आणि ३० जून १८८१ रोजी गार्डन रीच येथील मॅकिनन मॅकेन्झीच्या कापड गिरणीत ३६ दिवे लागले. १८९५ मध्ये विजेच्या दिव्यांसंबंधीचा कायदा झाला. ७ जानेवारी १८९७ रोजी किलबर्न कंपनीने इंडियन इलेक्ट्रिक कंपनीच्या वतीने शहराला वीज पुरवण्याचा परवाना मिळवला. मुदत एकवीस वर्षांची होती आणि क्षेत्र अवघे ५.६४ चौरस मैलांचे. थोड्याच दिवसांत या कंपनीचे नाव कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशन झाले. शहर आजही तिला सीईएससी या आद्याक्षरांनीच ओळखते. १७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमध्ये तिचे पहिले वीज केंद्र सुरू झाले. तीन वर्षांनी, १९०२ मध्ये, ट्राम घोड्यांऐवजी विजेवर धावू लागल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. घरातल्या विजेच्या बाबतीत हे शहर मुंबईच्या थोडे पुढेच होते, आणि लवकर मिळालेल्या या विजेची किंमत त्याला पुढे फार वर्षे मोजावी लागली.

कंपनीने सुरुवातीला दिलेली वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी होती आणि घरात तिचा दाब सुमारे सव्वादोनशे व्होल्टचा असे. पुढे जगभर एसी रूढ झाली. पण मध्य कोलकात्यात जमिनीखाली डीसीच्या केबली पडलेल्या होत्या, इमारतींच्या लिफ्ट डीसी मोटरींवर चालत होत्या आणि ग्राहकांचे पंखेही डीसीचेच होते. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे शहराच्या काही भागांत डीसी टिकली ती यामुळे. डीसीची ठिणगी सहज विझत नाही, म्हणून त्या काळच्या बटणांना जोरदार स्प्रिंग असे आणि खटका मोठ्याने वाजे. अशा घरात एसी आली की नुसत्या तारा बदलून भागत नसे. कार्बन ब्रशवर चालणारे पंखे, डीसीची मोटर, खास रेडिओ असे सगळेच बदलावे लागे. एसीकडे वळताना केलेल्या अंदाजात ही उपकरणे धरायची राहून जात, आणि काम लांबण्याचे ते ठरलेले कारण असे.

पहिल्या पिढीचे वायरिंग लाकडी पट्टीतले होते. सागाच्या पट्टीत दोन समांतर खाचा करायच्या, प्रत्येकीत एक तार बसवायची आणि वर लाकडी झाकणपट्टी स्क्रूने आवळायची. तार तांब्याची, तिच्यावर व्हल्कनाइझ केलेले रबर आणि त्यावर सुती वीण. रबर आणि सूत दोन्ही ओलाव्याला घाबरतात, तेव्हा तारा लाकडात बंद करणे त्या काळी शहाणपणाचे होते. असे काम वायरमनचे जितके, तितकेच सुताराचे असे. पट्टी कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांत कापायची, दरवाजाच्या चौकटीवरून वळवायची, छताच्या तुळईला समांतर न्यायची. साहजिकच अंदाज धावत्या फुटांत आणि सुताराच्या दिवसांत केला जाई. ज्या घरांत हे काम नीट झाले तिथे पट्ट्या अजून भिंतींवर आहेत. आतली तार कधीच गेली, पण पट्टी शोभेची म्हणून राहिली.

दोन महायुद्धांच्या दरम्यान जाड रबरी आवरणाची तार आली. ती लाकडात बंद करायची गरज नव्हती. सागाच्या सपाट बॅटनवर पितळी क्लिपांनी ती आवळली की झाले. काम सुतारकीतून सुटले आणि वेग वाढला. याच काळात बांधकाम खात्यांच्या दरसूचींमधून आलेला पॉइंट हे मोजमापाचे एकक पक्के झाले. एक दिवा, एक पंखा किंवा एक घंटा, त्याचे बटण आणि बटणापासून तिथपर्यंतची तार मिळून एक पॉइंट होतो. ठेकेदार खोल्या मोजायचे सोडून पॉइंट मोजू लागला. पश्चिम बंगालच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत पॉइंटमागे तारेची सरासरी लांबी आजही गृहीत धरलेली असते. नव्या इमारतीत ही सरासरी बऱ्यापैकी खरी ठरते. सोळा फूट उंचीच्या खोल्या, अंगणाभोवतीचे व्हरांडे आणि हातभर जाड भिंती असलेल्या घरात ती हमखास खोटी पडते, कारण एका पॉइंटला तिथे नव्या घरातल्या दोन पॉइंटांइतकी तार लागते.

पीव्हीसीची तार भारतात स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत पसरली. १९६० च्या दशकात तांब्याच्या टंचाईमुळे घरगुती वायरिंगमध्ये अॅल्युमिनियमचा शिरकाव झाला. अॅल्युमिनियम हलके आणि स्वस्त आहे, पण स्क्रूखाली दाबले की हळूहळू सैल पडते, हवेने त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज अडवतो आणि सांधा तापू लागतो. तांब्याशी जोडले तर दुखणे आणखी वाढते. कोलकात्यातल्या अनेक घरांत एकाच बोर्डात १९३० सालच्या सुमाराची रबरी तांब्याची तार, नंतरची अॅल्युमिनियमची तार आणि अलीकडची तांब्याची पीव्हीसी तार एकत्र सापडतात. मिस्त्री यातल्या एकाही तारेवर विसंबत नाही, सगळ्या उपटून काढतो. उपटण्याचे दिवस अंदाजात धरले आहेत का, हे ठेकेदाराला विचारले पाहिजे. बहुतेक अंदाजपत्रकांत ते नसतात.

तारांइतकाच मोठा प्रश्न भिंतीचा. कोलकात्याची जुनी घरे विटांची आहेत आणि विटा जोडल्या आहेत चुना आणि सुरकीने. सुरकी म्हणजे भाजलेल्या विटांचा भुगा. हे मिश्रण वर्षानुवर्षे टिकते, पण छिन्नी-हातोडा लागला की सिमेंटसारखे सरळ कापले जात नाही. एक इंच रुंदीची खाच पाडायला घेतली तर कधी तीन इंच चुना गळून पडतो आणि दागिन्यासारखा नक्षीदार गिलावा सोबत घेऊन जातो. लपवून वायरिंग करायचे ठरवले की खाच पाडणे, पाइप बसवणे, मसाला भरणे, तो सुकू देणे आणि मग रंग अशी साखळी सुरू होते. उघड्या पट्टीच्या तुलनेत दिवस दुप्पट होतात, कधी त्याहून अधिक. पट्टीतही सुख नाही. जुन्या गिलाव्यात स्क्रू धरत नाही, म्हणून लाकडी गट्टी सिमेंटमध्ये बसवून ती घट्ट होईपर्यंत थांबावे लागते. हुगळीकाठच्या या सखल शहरात तळमजल्याच्या भिंतींना लोणा लागतो. बंगालीत त्याला नोना म्हणतात. खालचे दोन-तीन फूट मिठाने फुगलेले असतात, तिथे बोर्ड लावला तर त्यातले लोखंड पुढच्याच पावसाळ्यात गंजू लागते. अनुभवी मिस्त्री तळमजल्याच्या तारा उंचावरून नेतो.

छताची तऱ्हा वेगळी. जुन्या घरांना काँक्रीटचा स्लॅब नाही. लाकडी किंवा लोखंडी तुळया, त्यांवर आडवे वासे, वाशांवर विटा आणि त्यावर चुन्याचा थर असे ते असते. बंगाली लोक याला कडी-बरगा म्हणतात. स्लॅबमध्ये आधीच पाइप पुरून ठेवण्याची सोय इथे नाही, त्यामुळे प्रत्येक पंख्याची तार भिंतीवरून चढून तुळईच्या कडेने न्यावी लागते. सोळा फुटांवर काम करायला शिडी पुरत नाही, बांबूचा पहाड उभारावा लागतो आणि खोलीगणिक तो हलवावा लागतो. पुण्याच्या वाड्यांत लाकूड भरपूर असल्याने क्लिप ठोकायला सोपे जाते, पण आगीची भीती तितकीच. कोलकात्यात आगीचे भय कमी नाही. २३ मार्च २०१० रोजी पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीला लागलेल्या आगीत चाळीसहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर जुन्या इमारतींच्या वायरिंगची चर्चा शहरात पुन्हा जोरात सुरू झाली.

वाटण्यांचा भाग सगळ्यात कमी बोलला जातो, पण दिवसांवर सगळ्यात मोठा परिणाम त्याचाच होतो. बंगालमध्ये हिंदू वारसा दायभाग पद्धतीने चाले, महाराष्ट्रासारखा मिताक्षरा पद्धतीने नाही. दायभागात मुलाला जन्माने हक्क मिळत नाही. वडील गेल्यावर प्रत्येक वारसाला ठरावीक, वेगळा काढता येणारा हिस्सा मिळतो. १९५६ च्या वारसा कायद्याने पुष्कळ बदल झाला, तरी त्याआधीच्या पिढ्यांत घरे हिश्श्यांत विभागली गेली होती. एकच वाडा, एकच अंगण, पण शरीक म्हणजे हिस्सेदार सात-आठ आणि त्यांत जुने भाडेकरूही. ज्याचा त्याचा मीटर वेगळा. २००३ च्या वीज कायद्यानुसार मालकाबरोबरच जागेत राहणाऱ्यालाही वीज मागण्याचा हक्क आहे, त्यामुळे मीटरांची संख्या आणखी वाढते. जिन्याखालच्या अंधाऱ्या भिंतीवर मीटरांची रांग आणि तिच्यातून फुटलेले तारांचे जाळे हे उत्तर कोलकात्यातले नेहमीचे दृश्य आहे.

त्या जाळ्यात एक जुना दोष दडलेला असतो. घर एकत्र होते तेव्हा खोल्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या होत्या. वाटणी झाल्यावर फेज वेगळा केला, पण परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, जागोजागी शेजारच्या हिश्श्यातलीच राहिली. जुन्या फ्यूजवर हा घोळ चालून गेला. नव्या पद्धतीत गळतीवर सुटणारा आरसीसीबी बसवला की तो क्षणात बंद पडतो, कारण गेलेली वीज त्याच मार्गाने परत येत नाही. ही सामायिक न्यूट्रल शोधायला एकेक खोली वेगळी करून तपासावी लागते, आणि त्यासाठी शेजारच्या शरीकाने घर उघडून दिले पाहिजे. अंदाजात हे दिवस लिहिता येत नाहीत. शरीक घरी असतो तेव्हा काम अर्ध्या दिवसात उरकते, तो बंगळूरला असेल तर महिनाही लागतो.

१९७० आणि ८० च्या दशकांतल्या लोडशेडिंगनेही भिंतींवर आपली खूण ठेवली. पाड्यातल्या जनरेटरवाल्याकडून आलेली एक दिवा-एक पंख्याची वेगळी लाइन, पुढे इन्व्हर्टरची वेगळी लाइन, अशा तारा मूळ वायरिंगच्या अंगावर चढल्या. त्यांचा उपयोग संपला, तरी त्या काढल्या कोणी नाहीत. नवे काम करणाऱ्याला कोणती तार जिवंत आणि कोणती मेलेली हे आधी ठरवावे लागते.

या धंद्यातल्या नियमांचा इतिहासही दिवस वाढवणाराच आहे, आणि ते योग्यच. १९१० च्या वीज कायद्यानंतर आणि विशेषतः १९५६ च्या वीज नियमांनंतर परवानाधारक ठेकेदार आणि प्रमाणपत्र असलेला देखरेखीचा माणूस सक्तीचा झाला. घरगुती वायरिंगची भारतीय मानक संहिता आयएस ७३२ पहिल्यांदा १९५८ मध्ये निघाली. तिच्या अंगाने आलेले दोन ठोकताळे वेळेच्या हिशेबात थेट उतरतात. दिवा-पंख्याच्या एका परिपथावर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. शंभर पॉइंटांच्या घरात म्हणजे किमान दहा वेगळे परिपथ, आणि जुन्या घरात सहसा दोन-तीनच असतात. दुसरा ठोकताळा मेगरच्या चाचणीचा: इन्सुलेशनचा रोध मेगओहममध्ये ५० भागिले पॉइंटांची संख्या यापेक्षा कमी नको. शंभर पॉइंटांना अर्धा मेगओहम. नवी तार हा आकडा सहज ओलांडते. काम संपल्यावर चाचणी कमी दाखवते तेव्हा दोष बहुधा भिंतीत विसरलेल्या जुन्या तुकड्याचा असतो, आणि तो शोधायला पुन्हा भिंत उघडावी लागते.

अर्थिंगही जुन्या घरात नव्याने करावे लागते, कारण पूर्वीच्या दोन पिनांच्या सॉकेटांना तिसरी तार नव्हती. जमिनीत सुमारे अडीच मीटरचा जस्ती पाइप पुरायचा, त्याभोवती कोळसा आणि मीठ भरायचे, तिथून जाड तार वर आणायची. अंगण दगडी फरशीचे असेल तर एक फरशी उचलण्यावर चार शरीकांची मान्यता लागते. घर महापालिकेच्या वारसा यादीतल्या वरच्या श्रेणीत असेल तर भिंतीला हात लावण्याआधी परवानगीची वेगळी वाट आहेच.

हे सगळे ध्यानात घेऊन एक हिशेब मांडता येतो. तीन मजले, शंभर पॉइंट, एक वायरमन आणि एक हेल्पर, काम उघड्या पीव्हीसी पट्टीत. मोकळ्या घरात अशी जोडी दिवसाला चार ते सहा पॉइंट उरकते, असा धंद्यातला साधारण ठोकताळा आहे. म्हणजे नुसते पॉइंट सतरा ते पंचवीस दिवसांचे. त्यावर जुने उपटण्याचे चार-पाच दिवस, मुख्य तारा, मीटर बोर्ड आणि अर्थिंगचे आणखी तीन-चार आणि चाचणीचे दोन. पाच आठवड्यांच्या आत-बाहेर काम संपते. तेच काम भिंतीत लपवायचे म्हटले की एकटी जोडी अडीच-तीन महिने घेते, कारण तिला गवंड्याची आणि वाळणाऱ्या मसाल्याची वाट पाहावी लागते. दुसरी जोडी आणली तर पट्टीचे काम जवळजवळ निम्म्यावर येते, लपवलेले मात्र तितके उतरत नाही. घरात माणसे राहत असतील तर दोन्ही आकड्यांत निम्म्याइतकी भर घालावी. जुनी लाइन चालू ठेवून नवी शेजारून न्यायची, स्वयंपाकघर आणि ठाकुरघर (देवघर) आधी उरकायचे, आणि शेवटी एका दिवसात सगळे नव्या बोर्डावर आणायचे, ही पद्धत सुरक्षित पण संथ आहे.

कोलकात्याचे पंचांग हिशेबात आपणहून येऊन बसते. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या असतात, मसाला वाळत नाही. १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्मा पूजा, त्या दिवशी अवजारांची पूजा होते आणि कोणी मिस्त्री कामावर येत नाही. पाठोपाठ दुर्गापूजा. ज्या वाड्यात पूजेचा ठाकुरदालान आहे, तिथे महालयेपर्यंत दिवे लागलेच पाहिजेत, आणि मग एक काम सोडून तीन घरांना धावणारा ठेकेदार पूजेनंतर काली पूजेपर्यंत परत येत नाही. सुट्टीचा हा महिना अंदाजपत्रकात कधीच लिहिलेला नसतो, पण मालकाने स्वतः तो धरावा. काम सुरू करण्याचा सोयीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

माल मात्र कधीच अडत नाही. एझरा स्ट्रीट आणि चांदनी चौकातल्या दुकानांत जुन्या धर्तीचे पितळी टोपीचे बटणही मिळून जाते. अडतात ते भिंत, शरीक आणि वीजजोडणीचा दिवस देणारे वीज कंपनीचे कार्यालय. भार वाढवण्याचा अर्ज काम संपल्यावर दिला तर नवे वायरिंग जुन्या मीटरच्या मर्यादेत आठवडेच्या आठवडे पडून राहते, म्हणून तो काम सुरू होण्याआधीच द्यावा. आणि ठेकेदाराकडून अंदाज दोन वेगळ्या भागांत लेखी मागावा: आधी बोर्ड उघडून आणि मेगर लावून पाहणीचा, आणि त्यानंतरच कामाच्या दिवसांचा. एकही बोर्ड न उघडता तारीख सांगणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये.